यंत्राचे दुखणे आणि वहीतला घसारा

दसऱ्याच्या दिवशी चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात गेलात, तर यंत्रे ओळखू येत नाहीत. एरवी काजळी आणि ग्रीसने माखलेल्या मोटारी, पंप, लेथ त्या दिवशी धुऊनपुसून लख्ख केलेले असतात. त्यांच्या अंगावर झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटे, पुढ्यात फोडलेला नारळ. ज्या हातांनी वर्षभर स्पॅनर फिरवला, तेच हात त्या दिवशी जोडलेले दिसतात. प्रथा चांगलीच आहे. ज्याच्यावर आपले पोट चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा वाकण्यात गैर काही नाही. मात्र वर्षातला एक दिवस यंत्राला देव मानणे सोपे असते. उरलेले ३६४ दिवस त्याला माणसासारखे वागवणे, म्हणजे तेही थकते, त्याचेही काही दुखते, त्यालाही वेळेवर औषध लागते हे ध्यानात ठेवणे, हे अवघड. आज बोलायचे आहे ते या उरलेल्या दिवसांबद्दल.

विषय कारखान्याचा म्हणून गृहिणींनी पान उलटू नये. कारण या विषयाचा धडा त्यांच्याच ओट्यावर रोज गिरवला जातो. कुकरची रबरी रिंग सैल झाली की वाफ कडेने निसटते. शिट्टीच्या नळीत वरणाचे कण अडकले की घरातली जाणती बाई तो कुकर गॅसवर चढवत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा वितळला, तर त्या जागी दुसरे काहीबाही बसवून ती वेळ मारून नेत नाही. या कुकरात बाहेरच्या हवेपेक्षा दाब असतो तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा. आता चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातला ५०० मेगावॉटचा एक संच डोळ्यांपुढे आणा. तिथल्या बॉयलरमध्ये हाच दाब सुमारे १७० किलो असतो आणि टर्बाइनकडे निघालेल्या वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सिअसच्या घरात. कित्येक मजली उंचीच्या त्या भट्टीच्या भिंती म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या पोलादी नळ्याच. आतून पाणी आणि वाफ, बाहेरून आग. मधे काही मिलिमीटर जाडीचे पोलाद.

या पोलादाला झिजवते ती राख. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचे प्रमाण फार, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. कोळसा दळून त्याची पूड भट्टीत फुंकली जाते, पूड जळते आणि राखेचे कण धुराबरोबर वेगाने नळ्यांवरून घासत जातात. त्या राखेत वाळूसारखे कठीण कण असतात. वर्षानुवर्षे कुणी बारीक पॉलिश पेपर फिरवत राहावा, तशी नळी पातळ होत जाते आणि एके दिवशी तिला सुईएवढे छिद्र पडते. त्यातून सुटलेली वाफ शेजारच्या नळीला कापते, ती तिसरीला. मग संच बंद करावा लागतो. औष्णिक केंद्रांत संच अचानक बंद पडण्यामागे ‘ट्यूब लिकेज’ हे एक नेहमीचे कारण आहे. ते टाळण्याचा मार्गही ठरलेला आहे. पावसाळ्यात विजेची मागणी उतरली की संच थांबवायचा, भट्टीत परांच्या बांधायच्या, नळ्यांची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने जागोजागी मोजायची, पातळ झालेले तुकडे कापून नवे जोडायचे आणि सारे वहीत लिहून ठेवायचे. यालाच ओव्हरहॉलिंग म्हणतात.

मी नोकरी केली ती बँकेत. यंत्रशास्त्र शिकलो नाही. पण कर्जाच्या निमित्ताने मूल-सिंदेवाहीकडच्या राईस मिलपासून मोठ्या कारखान्यांपर्यंत यंत्रे पुष्कळ पाहिली आणि त्यांचे हिशेब त्याहून अधिक पाहिले. हिशेबाच्या वहीत यंत्राच्या म्हातारपणाला एक शब्द आहे, घसारा. यंत्राची किंमत दरवर्षी ठरावीक टक्क्याने कमी करत जायची, की झाला घसारा. गंमत अशी की हा घसारा लिहिणारा कारकून यंत्रापाशी कधी जात नाही. यंत्राला तेलपाणी झाले की नाही, त्याचे बेअरिंग गरम होते का, याच्याशी त्या टक्क्याचा संबंध नसतो. वहीत ज्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली असे यंत्र प्रत्यक्षात उत्तम चालताना मी पाहिले आहे आणि वहीत नवे कोरे असलेले यंत्र खडखडताना ऐकलेही आहे. घसारा वहीत असतो, झीज नळीत असते. दोघांची भेट होतेच असे नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. एखाद्या कारखान्याने यंदा करायची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली, तर ताळेबंदात ती कुठे दिसते? कुठेच नाही. उलट त्या वर्षी खर्च कमी झाला म्हणून नफा वाढलेला दिसतो, व्यवस्थापकाची पाठ थोपटली जाते, भागधारक खूश होतात. बँकेचे हप्ते थकले की नोटीस जाते, पुरवठादाराचे बिल थकले की तो दारात येऊन बसतो. यंत्राचे देणे थकले तर ते मुकाट्याने सोसत राहते. त्याचे व्याज मात्र चढत असते आणि ते चक्रवाढ असते. दोन दिवसांत बदलता आली असती ती नळी शेवटी शेजारच्या वीस नळ्या घेऊन जाते. बँकेतले जुने अधिकारी नफातोटा पत्रकात ‘दुरुस्ती व देखभाल’ आणि ‘सुटे भाग’ या दोन ओळी आधी पाहत. उत्पादन तेवढेच आणि या दोन ओळी मात्र वर्षागणिक आकसत चाललेल्या, असे दिसले की समजावे, घराचे वासे विकून सण साजरा होतो आहे. उद्योग आजारी पडला ही बातमी नंतर येते, दुखणे या दोन ओळींत आधी उमटते.

दुरुस्ती टाळण्याचा मोह आजचा नाही. अमेरिकेतली यादवी संपत आली होती. एप्रिल १८६५ मध्ये सुटका झालेले युद्धकैदी घरी नेण्यासाठी मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ नावाची आगबोट लागली. माणशी ठरलेले भाडे सरकार देणार होते. बोटीच्या एका बॉयलरचा पत्रा फुगून गळत होता. कारागिराने सांगितले, पत्रे कापून बदलावे लागतील. त्याला दिवस लागणार आणि तेवढ्यात कैदी दुसऱ्या बोटीला मिळणार. कप्तानाने ठिगळ लावून घेतले. पावणेचारशेच्या आसपास उतारूंची परवानगी असलेल्या बोटीत दोन हजारांवर माणसे चढली. २७ एप्रिलच्या पहाटे मेम्फिसच्या वर बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसे भाजून वा बुडून गेली. अतिभार होता, बॉयलरात पाणी कमी होते, अशीही कारणे पुढे सांगितली गेली. पण ठिगळाची गोष्ट लोकांच्या मनातून गेली नाही. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, हार्टफर्ड शहरात बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. ती आधी आपला माणूस पाठवून बॉयलर तपासे आणि मगच विमा उतरवी. तोटा ज्याच्या खिशातून जाणार, त्याला तपासणीची गरज पटते, हे साधे व्यवहारज्ञान त्यामागे होते.

आपल्याकडेही कायदा आला तो अपघाताच्या मागून. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला आणि १८६४ मध्ये बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे साऱ्या देशासाठी १९२३ चा बॉयलर कायदा आला. तो शंभर वर्षे चालला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. तपासणीवाचून आणि प्रमाणपत्रावाचून बॉयलर पेटवायचा नाही, हे सूत्र जुन्या कायद्यात होते, नव्यातही आहे. निरीक्षक येतो, पाहतो, सही करतो. पण निरीक्षक वर्षाकाठी एखादा दिवस येणार. बाकीच्या दिवसांत यंत्राची नाडी कुणाच्या हाती असते? ती असते पाळीवरच्या फिटरच्या हाती. कारखान्यातला मुरलेला फिटर स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो, मूठ कानाशी नेतो आणि डोळे मिटून ऐकतो. डॉक्टरने छाती तपासावी तसे. आता कंपने मोजणारी नाजूक उपकरणे आली आहेत, ती हवीतच. पण उपकरणाने दाखवलेला आकडा काय किंवा फिटरच्या कानाने ऐकलेली खरखर काय, ती वहीत खरी उतरली पाहिजे. तिथेच सारे अडते.

कारण ‘ठीक आहे’ असे लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. ‘ठीक नाही’ असे लिहिणाऱ्याला मात्र साहेबांसमोर उभे राहावे लागते. संच बंद ठेवायचा तर दिवसाला किती लाखांचे उत्पादन बुडणार, हे त्याला ऐकवले जाते. तो कायम नोकर असेल तर थोडा तरी टिकाव धरतो. पण आज देखभालीचे बहुतेक अंगमेहनतीचे काम कंत्राटी कामगार करतात. ठेकेदार बदलला की माणसे बदलतात. यंत्राची ओळख होते न होते तोच माणूस दुसऱ्या गावच्या शटडाऊनवर जातो. ज्याची उद्याची हजेरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याने ‘या जागी काम करणे धोक्याचे आहे’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यात ऊंचाहार येथे १ नोव्हेंबर २०१७ रोजी काय घडले ते आठवावे. संच ५०० मेगावॉटचा होता आणि नुकताच सुरू झालेला होता. भट्टीच्या तळाशी राखेचे ढीग साचून घट्ट झाले होते आणि ते मोकळे करण्याची खटपट सुरू होती. अशातच तप्त वायू आणि राख बाहेर फेकली गेली. चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत कंत्राटी मजूर पुष्कळ होते. नवे यंत्र म्हणजे निर्धास्त यंत्र, हा समज त्या दिवशी जळून गेला. आणि भोपाळ तर आपल्या शेजारचेच. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. वायू सुटला तो एका रात्रीत, पण ती रात्र कित्येक महिने आधीपासून तयार होत होती.

स्फोट झाला की वर्तमानपत्रात मथळा येतो. मात्र देखभालीतली एक कसूर अशी आहे की तिचा मथळा होत नाही आणि कारखान्याचे उत्पादनही तिने थांबत नाही. वीज केंद्राच्या धुराड्याआधी राख पकडणारी मोठी यंत्रणा असते. तिला कामगार ‘ईएसपी’ म्हणतात. तिच्यातल्या पट्ट्यांना उच्च दाबाची वीज देऊन राखेचे कण खेचून घेतले जातात. नीट चालली तर नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक राख ती अडवते. तिचा एखादा भाग नादुरुस्त झाला तर संच बंद पडत नाही, मेगावॉट कमी होत नाहीत. फक्त गच्चीवर वाळत घातलेले धोतर-लुगडे करडे होते आणि मुलांचा खोकला लांबतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, तेव्हा अतिप्रदूषितांच्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. या गुणांना कारणे अनेक आहेत, खाणी आहेत, वाहतूक आहे. पण ज्या दुरुस्तीचा खर्च कारखान्याला आणि फायदा शेजाऱ्याला, ती दुरुस्ती नेहमी रांगेत शेवटी उभी असते, एवढे कुणीही हिशेबनीस सांगेल.

चंद्रपूरचा हिशेब मोठा आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ ची. दुर्गापूरच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. पुढे संच वाढत गेले. पहिले दोन संच निवृत्त झाल्यावरही केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट राहिली आणि त्यात १९८५-८६ च्या सुमाराचे दोन संच चाळिशीला पोचले. १९९९ मध्ये इथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब वाहिनी उभी राहिली. मुंबईच्या घरात पंखा फिरतो, त्यामागे इथल्या कुठल्या तरी वेल्डरने रात्री भट्टीत उतरून जोडलेली नळीही असते. ती जोडणी चांगली झाली तर कुणाला कळत नाही. आपल्याकडे उद्घाटनाची कोनशिला असते, बदललेल्या बेअरिंगची कधी पाहिली आहे?

हे फक्त कारखान्यांचे नाही. आपल्या बल्लारशाह आणि चंद्रपूर स्थानकांच्या भिंती ताडोब्याच्या वाघांनी आणि वनजीवनाच्या चित्रांनी रंगल्या. २०१८ मध्ये रेल्वेच्या स्थानक-सुशोभन स्पर्धेत त्यांना देशात पहिले बक्षीस मिळाले. आपल्याला अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. २७ नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी त्याच बल्लारशाह स्थानकावर पादचारी पुलाच्या लाद्या निखळल्या, माणसे खाली रुळांवर पडली, एका महिलेचा जीव गेला, अनेक जखमी झाले. चित्रकारांचा यात काडीचा दोष नाही. मात्र रंगवलेली भिंत सर्वांना दिसते, पुलाच्या लादीखालचा गंज पाहायला वाकावे लागते.

वाकून पाहण्याची रीत आपल्या मातीला नवी नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात हजारो तलाव गोंड राजवटीपासून लोकांनी बांधले आणि राखले. कोहळी समाजाची त्यातली हातोटी प्रसिद्ध आहे. पाळ कुठे झिरपते, गाळ किती साचला, सांडवा कुठे खचला, हे गावाला ठाऊक असे, कारण धान त्याच पाण्यावर पिके. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि ते नेमके कुणाचे, हे गावाला कळेनासे झाले. ‘माजी मालगुजारी’ म्हणून मामा तलाव असे लाडके नाव मिळाले, गाळ मात्र साचत राहिला. मालकी बदलते तेव्हा कागदपत्रे हस्तांतरित होतात. कुठे झिरपते याचे ज्ञान हस्तांतरित होत नाही, ते मुद्दाम लिहून द्यावे लागते.

हे सारे आज सांगायचे कारण गडचिरोली. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जंगलाचा जिल्हा आता लोखंडाचा जिल्हा होऊ लागला आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या खाणीतून खनिज निघते आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे आणि २०२५ मध्ये हेडरीपासून कोनसरीपर्यंत ऐंशीहून अधिक किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. तिच्यातून खनिजाची पूड पाण्यात कालवून वाहते. ट्रकांची वर्दळ त्याने कमी होईल, हे चांगलेच. पण पाण्यात कालवलेले लोखंड नळीला आतून घासते, राख बॉयलरच्या नळीला बाहेरून घासते तसे. आणि ही नळी जाते ती शेतांच्या आणि रानाच्या मुलखातून. तिचा पाझर सर्वांत आधी कुणाच्या दृष्टीस पडेल? मोह वेचायला पहाटे निघालेल्या बाईच्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्याच्या. तिने तो कुणाला सांगायचा, तिच्या भाषेत ऐकून कोण लिहून घेणार आणि लिहिल्यावर पुढे काय झाले हे तिला कोण कळवणार, हे आजच ठरले पाहिजे.

यासाठी फार मोठे काही लागत नाही. कारखान्यांनी वार्षिक अहवालात नफ्याच्या शेजारी एक ओळ वाढवावी, यंदा करायची होती पण पुढे ढकलली अशी दुरुस्ती किती रुपयांची. हिशेबनिसाला ती काढता येते, फक्त कुणी मागत नाही. कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि विमा कंपन्यांनी ती मागावी, हार्टफर्डवाल्यांनी मागितली तशी. कंत्राटी कामगाराला धोक्याचे काम नाकारण्याची मुभा कागदावर नको, हजेरी न बुडता हवी. तपासणीचे निष्कर्ष मराठीत आणि गोंडी-माडियात ग्रामसभेपुढे वाचले जावेत. आणि आपण घरात बसलेल्यांनीही एक करावे. आयटीआयला फिटरचा कोर्स करणाऱ्या मुलाला ‘मार्क कमी पडले का रे?’ असे विचारणे सोडावे. शेकडो घरांची झोप ज्याच्या कानावर अवलंबून आहे, त्या माणसाला समाजात डॉक्टरच्या खालोखाल तरी मान असायला हवा.

देखभालीचे यश म्हणजे काही न घडणे. जे घडले नाही त्याचा फोटो निघत नाही, म्हणून त्याची नोंद तरी खरी हवी. चंद्रपूरच्या जुन्या वह्यांत काय लिहिले गेले, ते आता पुसता येत नाही. गडचिरोलीच्या नव्या कारखान्यांच्या वह्यांची पहिली पाने मात्र सध्याच लिहिली जात आहेत. कुणी पंचवीस वर्षांची फिटर मुलगी रात्रपाळीत त्या पानावर ‘ठीक नाही’ असे लिहील आणि दुसऱ्या दिवशीही तिची हजेरी लागलेली असेल, तर तो कारखाना पुढची चाळीस वर्षे शेजाराला राहू द्यायला हरकत नाही.